पाच जणांची पट्टी

मी एक जुनी बसकरपट्टी आहे. फाटकी म्हणा, मळकी म्हणा, माझी काही हरकत नाही. पण मला पाहून कुणी 'बिचारी' म्हणालं तर ते मला खपत नाही, हे आधीच सांगून ठेवते. या एका शब्दापायी माझ्या डोळ्यांदेखत एका मुलीची शाळा सुटायची वेळ आली होती. तीच हकिगत आज सांगणार आहे. तेव्हा मित्रांनो, मांडी घालून नीट बसा. मांडी घालता येत नसेल तर जमेल तसे बसा. माझ्याकडे त्याची सक्ती कधीच नव्हती.

मला लांबच्या एका गावात हातमागावर विणलं. विणणारी बाई मोठी खमकी होती. तिनं वीण मुद्दाम खरबरीत ठेवली, दोन्ही कडांना लाल पट्टा दिला आणि माझी गुंडाळी करताना म्हणाली, "पोरांच्या खाली जायचंय, मऊ राहून चालायचं नाही." तेव्हापासून मी अंगानं राठच राहिले. स्वभावानंही, म्हणाल तर म्हणा.

आम्ही अकरा बहिणी टेम्पोतून पनवेलला आलो आणि तिथून विचुंब्याच्याही पलीकडे, एका छोट्या गावाच्या शाळेत. शाळेचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक त्या शाळेकडे बोट दाखवतात आणि स्वतःची शाळा विसरतात. शाळेच्या मागे डोंगर आहे, डोंगराच्या पायथ्याशी आदिवासींची वाडी आहे, आणि समोर बघावं तिकडे वीस-वीस मजली इमारती उभ्या राहत आहेत. गावातली मुलं एका बाजूनं यायची, वाडीवरची दुसऱ्या बाजूनं. एका पट्टीवर पाच जण बसत. पाचच. चार बसले तर ऐसपैस होऊन पेंगतात आणि सहा बसले तर कोपरं लागून मारामारी होते, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

माझ्या अंगावर काय काय सांडलं ते विचारू नका. खिचडी, शाई, बोरांच्या बिया, आणि पहिलीच्या मुलांच्या बाबतीत तर न सांगण्यासारखंही बरंच काही. वर्षातून दोनदा मला धुऊन कुंपणावर वाळत घालत. एकदा तपासणीला आलेले साहेब माझ्याकडे बघून म्हणाले होते, "वा, पट्ट्या छान ठेवल्यात." ते कौतुक मी अजून विसरले नाही. आमच्या वाट्याला कौतुक येतं तरी कितीदा?

आता एक लाजिरवाणी गोष्ट. वाडीवरची मुलं नेहमी शेवटच्या पट्टीवर बसायची. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं. ती आपण होऊन मागे जायची आणि त्यांना कुणी पुढे बोलवायचं नाही. मी पहिल्या रांगेतली पट्टी. मीही काही बोलले नाही. पट्टीला तोंड नसतं, ही सबब मी बरीच वर्षं स्वतःला सांगितली.

मग एका जूनमध्ये देवजी आला. देवजी वाडीवरचा, इमारतींच्या कामावर बिगारी. त्याच्या खांद्यावर सात वर्षांची त्याची मुलगी होती, दिपा. तिच्या पायांत जन्मापासून ताकद नव्हती. देवजीनं तिला वर्गाच्या दारात उतरवलं आणि तो अवघडून उभा राहिला. आमच्या मनिषा बाईंनी विचारलं, "कुठे बसशील गं?"

दिपानं दोन्ही तळहात जमिनीवर टेकले, अंग उचललं आणि सरकत निघाली. शेवटची पट्टी ओलांडली, मधल्या ओलांडल्या आणि थेट माझ्यापाशी आली. माझ्यावर स्नेहल बसली होती. स्नेहल म्हणजे गावातल्या काशीराम शेठची मुलगी, शाळेत तिचा मोठा मान. दिपानं तिला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "मना हितं बसायचंय."

वाडीवरचं पहिलं मूल माझ्यावर बसलं ते असं. तिला कुणी बसवलं नाही. ती बसली.

आता तुम्हाला वाटेल, ही म्हणजे मोठी गुणी मुलगी असणार. छे. दिपा काही गोगलगाय नव्हती. चिमटे काढायची, गणितं स्नेहलच्या पाटीवरून उतरवायची, आणि सागरगोट्यांत हरायला लागली की गोटे लपवून ठेवायची. पण वाचायला लागली की थांबायची नाही. तिच्या शेजारी परेश बसायचा. हा पळण्यात सगळ्यांत पुढे, पण पुस्तक उघडलं की अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढे नाचायची. दिपा त्याच्या ओळीखाली बोट धरायची आणि तो एकेक शब्द फोडायचा. बदल्यात तो तिची पाण्याची बाटली भरून आणायचा. विशेष गरज असलेलं मूल म्हणून शाळेच्या यादीत नाव होतं फक्त दिपाचं. परेशचं नव्हतं. कुणाला कशाची गरज आहे ते यादीपेक्षा मला जास्त कळायचं, कारण मी सगळ्यांच्या खाली होते.

मनिषा बाईंनीही डोकं लढवलं. फळा उंच, दिपाचा हात पुरेना. बाईंनी काळा रंग आणला आणि फळ्याखालची भिंत जमिनीपर्यंत रंगवून टाकली. मग काय विचारता, सगळा वर्ग पोटावर पडून तिथे लिहायला लागला. दिपासाठी केलेली सोय बाकीच्यांनीच जास्त वापरली. दिपा मात्र चिडायची, तिचा नंबर लागायचा नाही म्हणून.

अशी दोन वर्षं गेली. आणि मग बाकं आली.

ती कुणी वाईट मनानं आणली नाहीत, हे मी शपथेवर सांगते. काशीराम शेठ शाळेच्या समितीचे अध्यक्ष. त्यांची आई, जनीबाई, त्या वर्षी गेली. आमच्या भागात पद्धत अशी, की कुणी गेलं की त्याच्या नावानं देवळाला घंटा द्यायची, नाहीतर शाळेला पंखे. काशीराम शेठनी ठरवलं, आईच्या नावानं शाळेला बाकं द्यायची आणि वर्गाला गुळगुळीत लाद्या. प्रत्येक बाकाच्या पाठीवर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'कै. जनीबाई यांच्या स्मरणार्थ'. सगळा गाव खूश. मुलं तर वेडी झाली. आमच्या गुंडाळ्या करून आम्हाला खिचडीच्या शेडमध्ये तांदळाच्या पोत्यांमागे टाकलं. गरज सरो, वैद्य मरो. मला वाईट वाटलं, पण राग नाही आला. नवं आलं की जुनं जायचंच.

राग आला तो पुढे. पहिल्या दिवशी दिपाला उचलून बाकावर बसवलं. तिच्या कमरेत जोर नाही, धरायला काही नाही. तासाभरात ती कलंडली आणि हनुवटी फुटली. दुसऱ्या दिवशी तिला खाली लाद्यांवर बसवलं. तिथे हात टेकला की सटकायचा. माझ्या खरबरीत अंगावर तिचे हात रोवले जायचे, लादीवर ते कसे रोवणार? चारी बाजूंना बाकांचे पाय आणि मुलांचे पाय. खालचा काळा फळा बाकांमागे गेलेला. परेश वर, स्नेहल वर, आणि दिपा एकटी खाली, बुटांशी बोलत बसल्यासारखी.

हे सगळं मला शेडमध्ये बसल्याबसल्या कळत होतं, कारण खिचडी शिजवणारी वेणू रोज बडबडायची. वेणूचं तोंड फटकळ, पण मन सरळ. "शालेत बाकं आली आन् पोरीची जागा गेली," ती भात हलवत म्हणायची.

एका दुपारी मुख्याध्यापक अविनाश सरांनी देवजीला ऑफिसात बोलावलं. मनिषा बाईही तिथे होत्या, त्यांनी वेणूला सांगून मलाही आणवलं. सर तसे सज्जन माणूस, कुणाला वेडावाकडा शब्द बोलायचे नाहीत. त्यांनी एक कागद पुढे केला आणि समजावून सांगितलं. याला गृहाधारित शिक्षण म्हणतात. मुलीनं घरीच राहायचं, आठवड्यातून एकदा शिक्षक घरी येतील. नाव शाळेतच राहील. "इथे तिलाच त्रास होतो हो," सर म्हणाले. "पडते, लागतं. बिचारीला कशाला छळायचं?"

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या मुलाला अंथरुणातून उठताच येत नाही, त्याच्यासाठी ती सोय चांगली आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण दिपा रोज शाळेत येत होती. आईबाप दोघंही दिवसभर इमारतीवर. ती वाडीवरच्या झोपडीत एकटी कुणाशी बोलणार होती, कुणाला चिमटे काढणार होती? सरांच्या दृष्टीनं मात्र सुंठीवाचून खोकला जात होता.

देवजीनं पेन हातात घेतलं. त्याला सही करता येत होती. ती त्याला दिपानंच शिकवली होती, वाडीवर, कोळशानं दगडावर गिरवून गिरवून. त्या सहीनं तो आता तिचीच शाळा बंद करणार होता. त्याचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. दिपा दाराशी बसली होती. ती म्हणाली, "बा, ही सही मी ह्याच्यासाठी नाय शिकवली."

देवजीनं पेन खाली ठेवलं.

मग मनिषा बाईंना कळवळा आला. त्या म्हणाल्या, "सर, आपण पट्टीचा एक तुकडा कापून दाराजवळ टाकू. तिथे बसेल ती." म्हणजे मला एवढ्यासाठी आणलं होतं. वेणूच्या हातात विळा दिला. मी म्हटलं, आता संपलं. मरणाची भीती नव्हती हो, पण पाच जणांची पट्टी एकाच्या मापाची होणार, याची लाज वाटली.

दिपा म्हणाली, "तुकड्यावर मी एकटी बसनार?"

"हो, खास तुझ्यासाठी," बाई म्हणाल्या.

"मग नको. एकटी त मी घरी पन बसते."

वेणूनं विळा खाली घेतला आणि कुणी काही बोलायच्या आत शेडकडे निघून गेली. सरांनी सुस्कारा सोडला. "बघा देवजी, आम्ही सोय करतोय तर हिलाच नको. शुक्रवारी बाकांचा कार्यक्रम आहे. तोवर हिला घरीच ठेवा. फोटोत ती अशी खाली बसलेली बरी दिसणार नाही, पाहुण्यांनाही वाईट वाटेल. कार्यक्रम झाला की या आणि सही करून टाका."

ऐकलंत? सोय नाकारली म्हणून दोष तिचा. खड्डा आपण खणायचा आणि वर म्हणायचं, हिला चालताच येत नाही.

शुक्रवार उजाडला. पताका लागल्या, हार आले, पाहुणे आले. नव्या लाद्या मळू नयेत म्हणून माझी चार पदरी घडी करून मला वर्गाच्या दारात टाकलं, पाय पुसायला. पहिल्या रांगेतली मी, पायपुसणं झाले. मुलं इस्त्रीचे कपडे घालून बाकांवर बसली होती. काशीराम शेठ पाहुण्यांना घेऊन व्हरांड्यातून येत होते.

तेवढ्यात मागच्या बाजूनं देवजी आला. खांद्यावर दिपा. अविनाश सर लगबगीनं पुढे झाले. "अहो, आज नाही. सही नंतर करायची."

"सहीसाठी नाय आलो सायेब," देवजी म्हणाला. "पोरीला शालेत सोरायला आलोय."

त्यानं दिपाला दारात उतरवलं. पुढे लादी होती. दिपा माझ्यावरच बसली, पुढे सरकली नाही. आणि आतून, पहिल्या बाकावरून, स्नेहल उठली. तिचा नवा फ्रॉक, केसांत गजरा. ती आली आणि दिपाला खेटून माझ्यावर बसली. तिच्या मागून परेश आला. घडी तेवढी मोठी नव्हती, मग त्या पोरांनी मला ओढून उलगडलं आणि दार अडवून बसली. आता आत जायचं तर पाहुण्यांना त्यांच्या डोक्यांवरून जावं लागलं असतं.

काशीराम शेठ दारात थांबले. त्यांचा चेहरा लाल झाला. "स्नेहल, उठ. खाली कशाला बसलीस? तुझे आजीच्या नावाचा बाक हाय तो. तिचा अपमान करतेस?"

स्नेहल खाली मान घालून बसली होती. ती काही धीट मुलगी नव्हे, तिचे कान लाल झालेले मला दिसत होते. ती म्हणाली, "पप्पा, आजी कधी बाकावर बसली?"

ती तशीच खाली बघत पुढे बोलली.

"मिठागरात टोपल्या वाहून तिचे गुडघे गेले ना? मग ती पण घरात अशीच सरकायची. आपण डायनिंग टेबल आणला, तर आजीला वर बसता येईना. तेव्हा तुमीच बोललात ना, आय खाली हाय तर सगळे खालीच जेवतील. टेबलावर आपण अजून कपडेच ठेवतो."

मी माणसं पुष्कळ पाहिली आहेत, खालून पाहिली आहेत, म्हणून सांगते, माणूस विरघळतो तेव्हा आधी त्याचे पाय हलतात. काशीराम शेठनी चपला काढल्या. गळ्यातला हार काढून सरांच्या हातात दिला. आणि तो भला थोरला माणूस, पाहुण्यांसमोर, कण्हत कण्हत माझ्यावर बसला. तिथून त्यांनी वर्गाकडे बघितलं. दिपाला रोज जे दिसायचं तेच त्यांना दिसलं. लोखंडी पाय, बूट, आणि बाकांच्या पाठींवर त्यांच्या आईचं नाव.

मग त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाले, "काळूरामला फोन लावा."

काळूराम म्हणजे तळोज्याच्या रस्त्यावरचा वेल्डर, त्यानंच ही बाकं बनवली होती. तो आला आणि त्यानं हुकूम ऐकला तर त्याला खरंच वाटेना. पुढच्या दोन रांगांतली बसायची फळी काढून टाकायची आणि लिहायच्या फळीचे पाय कापून गुडघ्याएवढे करायचे. "शेठ, नवीन हायेत वो," तो कळवळून म्हणाला.

"काप," काशीराम शेठ म्हणाले. "माझे आयचं नाव हाय, मी सांगतो. काप."

पुढच्या दोन रांगा खाली आल्या. शेडमधून सात पट्ट्या परत आल्या, माझ्यासह आठ. बाकीच्या तिघींना तोवर उंदरांनी कुरतडलं होतं, त्यांचं मला अजून वाईट वाटतं. मागे बाकं, पुढे आम्ही. खालचा फळा मोकळा झाला. कुणी कुठे बसायचं ते रोज बदलायचं असं बाईंनी ठरवलं.

सगळं गोड झालं असं समजू नका. दुसऱ्याच आठवड्यात एक आई तणतणत आली. "आमच्या मुलाला खाली बसवता? त्या मुलीमुळे सगळ्यांनी मागे जायचं का?" या वेळी मनिषा बाई गप्प राहिल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमचा मुलगा पुढच्या रांगेत आहे. मागे कसा गेला?" त्या बाईंनी मुलाचं नाव काढून दुसऱ्या शाळेत घातलं. जाऊ दे. ज्याला त्याला आपली अक्कल. आणि दिपाही काही सुधारली नाही. परवाच तिनं परेशची रबरं लपवली आणि नाही म्हणून शपथ घेतली.

आता ती पाचवीत आहे. आमची शाळा पाचवीपर्यंतच. जूनमध्ये तिला शहराकडच्या मोठ्या शाळेत जावं लागेल. गेल्या आठवड्यात अविनाश सरांनी तो जुना कागद पुन्हा काढला. मनानं वाईट नाहीत ते, पण सवय जात नाही. "दिपा," ते म्हणाले, "तिथे सगळीकडे बाकं आहेत. सहावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. पट्टी नाही, काशीराम शेठ नाहीत. काय करशील?"

दिपा वही भरत होती. तिनं मान वर केली नाही. "जाईन," ती म्हणाली. "तुमी दाखल्यावर माजं नाव नीट लिवा."

सरांनी तो कागद फाडला नाही. पण दाखला लिहायला घेतला.

मित्रांनो, मी तिच्याबरोबर जाऊ शकत नाही. माझे धागे सुटलेत, यंदाचा पावसाळा काढला तरी पुष्कळ. म्हणून जाता जाता मी हात जोडणार नाही, बजावणार आहे. सहावीच्या वर्गात तुम्ही असाल. एक मुलगी जिन्याच्या खालच्या पायरीशी येऊन बसेल. मोठी माणसं तुम्हाला सांगतील, बाळांनो, काय करणार, वर्ग वर आहे, तिला पाय नाहीत. तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघत बसू नका. वर्गालाही पाय नाहीत, पण तुम्हाला आहेत. दप्तरं उचला, फळा उचला, बाईंना हाताला धरा आणि वर्ग खाली आणा.